सैन्यखर्चाची तुलना : एक अवघड त्रैराशिक

स्टॉकहोम येथील सिप्री या संस्थेनें २०२४ सालचा भारताचा सैन्यखर्च ८६ अब्ज डॉलर व चीनचा ३१४ अब्ज डॉलर असा दिला आहे. तेवढ्यावरून चीन आपल्या साडेतीनपटींहून बलाढ्य, असा हिशेब आमच्या सीवूड्समधील सायंकाळच्या बांकांवर बिनदिक्कत मांडला जातो. परंतु चीन सरकारनें त्याच वर्षाकरितां स्वतः जाहीर केलेला आंकडा २३० अब्जांच्या आसपास होता! सरकारी हिशेबांत न धरलेल्या निमलष्करी दल, संशोधन इत्यादि बाबी सिप्री धरते, म्हणून हा फरक.

आपल्याकडेही तेंच. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पांत संरक्षणाकरितां सुमारें ६ लक्ष २२ हजार कोटी रुपये होते. पैकीं १ लक्ष ४१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. तें देणें न्याय्यच. पण त्यानें एकही तोफ वाढत नाहीं. उलट सीमा सुरक्षा दलाचा खर्च गृहखात्याच्या वहींत जातो.

खरी मेख आहे ती चलनाची. सीवूड्समधील कुटुंब भाडें, दूध, भाजी सारें रोखीनें घेतें. त्यांच्याच चुलतभावाचें कोंकणांतील घर स्वतःचें, तांदूळ शेतांतला, नारळ परसांतला. दोघांच्या वह्या शेजारीं ठेवून कोण सुखी, हें सांगतां येईल काय? २०२४ सालीं डॉलरला सुमारें ८४ रुपये पडत. परंतु अमेरिकेंत एका डॉलरला मिळणारा जिन्नस येथें वीस-एकवीस रुपयांत मिळतो, असा जागतिक बँकेचा अदमास आहे. तेव्हां जवानाचा पगार या दुसऱ्या मापानें चौपट दिसतो. पण २०१६ सालीं घेतलेल्या ३६ राफेल विमानांचे सुमारें ७.८ अब्ज युरो रोखच मोजावे लागले; तेथें आपल्या स्वस्ताईचा उपयोग नाहीं. माझगांवच्या गोदींत बांधलेली 'विशाखापट्टणम्' ही युद्धनौका तर अर्धी या मापाची, अर्धी त्या : कारागीर येथले, गॅस टर्बाइन युक्रेनचे.

हा वाद जुनाच आहे. इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यांतील सामाईक खर्चाच्या वांटणीचा विचार करण्यासाठीं नेमलेल्या वेल्बी कमिशनापुढें १८९७ सालीं गोपाळ कृष्ण गोखले यांनीं लंडनमध्यें साक्ष दिली. १८६७-६८ सालीं मुंबईहून ॲबिसिनियावर सैन्य गेलें, तेव्हां जादा खर्च इंग्लंडनें सोसला, पण शिपायांचा नेहमींचा पगार हिंदुस्थानच्या तिजोरींतूनच गेला. शिपाई लढला इंग्लंडसाठीं, आणि खर्चाच्या कोष्टकांत नांव लागलें हिंदुस्थानचें.