लाइटरूम-फोटोशॉप सोडताना सोबत काय येते?

संपादन कुठे साठते? लाइटरूम मूळ रॉ फाइलला हात लावत नाही. केलेले बदल सूचनांच्या रूपात कॅटलॉगमध्ये राहतात.

• सहज येते: तारांकन, कीवर्ड, शीर्षक. आधी ते एक्सएमपी फाइलमध्ये सेव्ह करावे लागतात. (हे हमखास राहून जाते.)

• तसेच्या तसे येत नाही: रंग व उजेडाचे बदल. प्रत्येक सॉफ्टवेअरचे गणित वेगळे. म्हणून पूर्ण झालेले फोटो १६-बिट टिफमध्ये काढून ठेवतात.

पर्यायी सॉफ्टवेअर:

• डार्कटेबल (२००९): मोफत, रॉसाठी.

• गिंप (१९९६): मोफत. फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडते, पण सगळे लेअर जसेच्या तसे येतीलच असे नाही. ३.० आवृत्तीपासून (२०२५) फिल्टर नंतरही बदलता येतात.

• अफिनिटी फोटो (२०१५): निर्माती सेरिफ कंपनी २०२४ पासून कॅन्व्हाकडे.