छप्पर टिकावे कसे?

कॅरिबियन समुद्रात डोमिनिका नावाचे एक चिमुकले, डोंगराळ राष्ट्र आहे. लोकवस्ती सुमारे ७०,०००. तेथे १८ सप्टेंबर २०१७ च्या रात्री ‘मारिया’ चक्रीवादळ कोसळले. दहांतील नऊ घरांची छपरे मोडली वा उडाली. पंतप्रधानांचे घरही सुटले नाही. राष्ट्राच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक हानी झाली.

वादळे तेथे नवी नव्हेत. १९७९ साली ‘डेव्हिड’नेही असाच विध्वंस केला होता. परंतु आता समुद्र अधिक तापत आहे, आणि तापलेले पाणी वादळास बळ पुरविते. मारियाने सुमारे एका दिवसात सर्वोच्च श्रेणी गाठली. सबब, आजोबांच्या हिशेबाने बांधलेले घर नातवास पुरेल, ही खात्री तेथील गवंडी-सुतारांस उरलेली नाही.

वारा छपरास नुसते दाबीत नाही, वरही ओढतो. म्हणून २०१८ साली सरकारने घरबांधणीची नवी मार्गदर्शिका काढली. चौपाखी छप्पर, पत्र्यास खिळ्यांऐवजी स्क्रू, वासे भिंतीशी जखडणाऱ्या पोलादी पट्ट्या, ही तेथील बांधकामाची आजची शिकवण. पडवीचे छप्पर निराळे ठेवावे, म्हणजे ते उडाले तरी घराचे राहते.

पण पोलाद जहाजाने येते, आणि खर्च वाढतो. श्रीमंतास तो झेपेल. पै-पै साठवून घर उभारणाऱ्याने काय करावे? आम्हांस वाटते, वाचकहो, प्रश्नाचे मर्म येथेच आहे. समुद्र तापविणाऱ्या धुरात या राष्ट्राचा वाटा नगण्य आहे. मग त्या पट्टीचे मोल तेथील गरिबानेच एकट्याने का मोजावे? ती पट्टी त्याच्या वाशापर्यंत पोहोचेल, तेव्हाच नियम सार्थ झाला म्हणावयाचे.