मानेची गाठ दुखत नाही? मग दाखवाच

मानेवर गाठ आली की रिद्धपूर असो की अकोला, पहिला प्रश्न ठरलेला: दुखते का? नाही म्हटलं की घरचे निर्धास्त. लेप, शेक, फार तर बिब्बा, आणि संत्र्याची तोड उरकेपर्यंत वाट. हा हिशेब उलटा आहे. दात किडला, डोक्यात फोड आले, घसा धरला की लसिकाग्रंथी चार दिवसांत फुगते, तिचं आवरण ताणलं जातं, म्हणून ती ठणकते. आणि बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरते. क्षयाच्या गाठीला अशी घाई नसते. जुनी माणसं जिला गंडमाळ म्हणत ती महिनोन्‌महिने वाढते, शेजारच्या गाठींना चिकटते, आत पू झाला तरी वरची कातडी फारशी तापत नाही. फुप्फुसाबाहेरचा क्षय आपल्याकडे सर्वाधिक आढळतो तो लसिकाग्रंथींतच, त्यामुळे खोकला नाही म्हणून निश्चिंत राहता येत नाही. थायरॉइडची गाठही सहसा दुखत नाही. घोट गिळताना ती वर-खाली होते.

वऱ्हाडात मात्र खरी धास्ती खर्‍याची. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा ऐवज तासन्‌तास गालात राहतो. तोंडाचा कर्करोग पसरतो तो बहुतेकदा आधी जबड्याखालच्या आणि मानेच्या ग्रंथींत, आणि ती गाठ टणक असूनही दुखत नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने 2015 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तोंडाच्या कर्करोगाचे असे रुग्ण घेतले होते, ज्यांच्या मानेत गाठ लागतच नव्हती. काहींच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, बाकीच्यांच्या गाठ आल्यावर. तीन वर्षांनी पहिल्या गटातले 80 टक्के हयात होते, दुसऱ्यातले 67.5 टक्के. डॉक्टरांच्या नजरेखाली थांबणंही एवढं महाग पडलं, तिथे घरी लेप लावून थांबण्याचं काय सांगावं!

‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती गावोगाव आहे. तपासणीची सुई इंजेक्शनच्या सुईसारखीच बारीक असते आणि तिच्यामुळे रोग पसरल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. बहुतेक गाठी साध्याच असतात, मग घाबरवता कशाला, हा आक्षेप मात्र रास्त आहे; लहान मुलांच्या मानेला तर वाटाण्याएवढ्या गाठी नेहमीच लागतात. म्हणूनच मुदत घाला. तीन आठवड्यांत गाठ उतरली नाही, तर अमरावतीला इर्विनमध्ये नाहीतर अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये दाखवा. खर्रा खात असाल तर तेही सांगा, आणि डॉक्टर नुसती मान चाचपून थांबले तर आपण होऊन तोंड उघडून दाखवा.