नांगर जोडताना पिन बसत नाही? आधी माप बघा



उन्हाळी नांगरट आली की आपल्या दौलताबाद भागात हे ठरलेलंच. ट्रॅक्टर मागे घ्यायचा, दोन इंच चुकतो, परत पुढे. एकजण पहारीने नांगर सरकवतो, दुसरा लोअर लिंकचा गोळा फिरवत बसतो. पिन काही बसत नाही.

बऱ्याचदा चूक ड्रायव्हरची नसते, मापाची असते. जोडणीची मापं मुख्यतः दोन. कॅटेगरी 1 मध्ये खालची पिन साधारण 22 मि.मी. आणि वरची 19. कॅटेगरी 2 मध्ये 28 आणि 25. जुन्या लहान ट्रॅक्टरला मोठ्या ट्रॅक्टरचं भाड्याचं अवजार लावलं की गाडी अडते. गोळा मोठा, पिन लहान असेल तर बुश टाका, दुकानात मिळतो. पिनच मोठी असेल तर ती बदलून घ्या. सळईचा तुकडा किंवा बोल्ट ठोकून काम भागवू नका. तो वाकतो, नाहीतर बरोबर धुऱ्यावर वळताना निसटतो. प्रत्येक पिनला लिंच पिन हवीच.

ही तीन टोकांची जोडणी हॅरी फर्ग्युसनची. 1939 च्या फोर्ड ट्रॅक्टरवर ती घरोघर पोचली. बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरमध्ये नांगराचा ताण टॉप लिंकमधूनच लिफ्टला कळतो. त्यामुळे टॉप लिंकची भोकं झिजून अंडाकृती झाली की लिफ्ट उगाच वर-खाली करते, तास कमी-जास्त खोल जातो. लोक पंपाला दोष देतात! आधी पिना बघा, स्वस्तात सुटेल.

जोडताना आधी डावा लिंक, मग उजवा (त्याची उंची हँडलने जुळते), शेवटी टॉप लिंक. सोडताना टॉप लिंक आधी. ट्रॅक्टर मागे येत असताना मधे कुणीही उभं राहू नये, पोराबाळांना तर लांबच ठेवा. पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला.

आणि एक. फसलेली ट्रॉली ओढायला साखळी टॉप लिंकच्या जागी कधीच बांधू नका. ओढ वरून लागली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. साखळी खाली, ड्रॉबारलाच.

अवजार बँकेतून नांगर किंवा रोटाव्हेटर बुक करताना तुमच्या ट्रॅक्टरच्या लोअर लिंकच्या भोकाचं माप मोजून याच नंबरवर कळवा, म्हणजे बुश सोबतच देता येतील.