वार एक की दोन?

मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तापीकाठच्या या गावी दूरदूरच्या प्रांतांतून घोडे विक्रीला येतात. घोडी घेणारा तिची चाल पाहतो, बांधा पाहतो, दात पाहतो. पण तिला जुळी शिंगरे होतील का, असे विचारत नाही. घोडीला जुळी क्वचितच जगतात. तिची वार गर्भाशयाच्या जवळजवळ सगळ्या आतल्या पृष्ठभागावर पसरते आणि एका शिंगराला ती सगळी जागा लागते. गर्भ दोन असले की जागा वाटली जाते, दोघांची उपासमार होते आणि बहुधा दोन्ही गर्भ पडतात. म्हणून घोडी फळल्यावर दोन आठवड्यांच्या सुमारास पशुवैद्य सोनोग्राफी करतात आणि गर्भ दोन दिसले तर त्यांतला एक तेव्हाच नाहीसा करतात.

गाईची अडचण वेगळी. जुळ्यांत एक गोऱ्हा आणि एक कालवड असेल, तर ती कालवड बहुधा पुढे गाभण राहत नाही, हे जाणत्या शेतकऱ्याला ठाऊक असते. याचे कारण अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ फ्रँक लिली यांनी १९१६ साली मांडले. गाईच्या पोटात दोन वासरांच्या वारेतील रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात. गोऱ्ह्याकडून रक्तावाटे येणाऱ्या द्रव्यांमुळे कालवडीच्या प्रजनन इंद्रियांची वाढ बिघडते.

घोडीत प्रश्न वाटणीचा आहे, गाईत जोडणीचा. माणसाच्या काही जुळ्यांत हे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. ती जुळी कोणती, त्यांच्यात काय बिघडते आणि त्यावर काय करता येते, हे या लेखात पाहू या.

जुळ्यांचे दोन हिशेब

दहावीच्या वर्गात आपण एकयुग्मजी आणि द्वियुग्मजी जुळी शिकवतो. दोन बीजांडे, दोन शुक्रपेशी, दोन युग्मनजे, ही झाली द्वियुग्मजी जुळी. एकच युग्मनज पुढे दुभंगले की एकयुग्मजी जुळी होतात. जोडकेळे खाल्ल्याने यांपैकी काहीच होत नाही, हेही आपण सांगतो.

पण आई आणि डॉक्टर यांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा हिशेब दुसराच आहे : वार एक की दोन? द्वियुग्मजी जुळ्यांना प्रत्येकी स्वतंत्र वार असते. एकयुग्मजी जुळ्यांत मात्र ते दुभंगण्याच्या दिवसावर ठरते. पहिल्या तीन दिवसांत विभागणी झाली तर वार दोन आणि पाण्याच्या पिशव्याही दोन. चौथ्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान झाली तर वार एक, पिशव्या दोन. त्यानंतर झाली तर वारही एक आणि पिशवीही एक. तेराव्या दिवसानंतर विभागणी सुरू झाली तर ती पुरी होत नाही आणि जोडलेली, म्हणजे सयामी जुळी निपजतात.

दर हजार बाळंतपणांत एकयुग्मजी जुळी सुमारे चार. त्यांतील दहांपैकी सात जोड्या एकाच वारेवर वाढतात, आणि बहुतेकांच्या पिशव्या दोन असतात. या लेखाचा विषय त्या जोड्या आहेत.

एका वारेतले रस्ते

वार म्हणजे बाळाचे फुप्फुस, आतडे आणि मूत्रपिंड यांची कामे एकत्र करणारे इंद्रिय. बाळाचे रक्त नाळेतल्या धमन्यांनी वारेत येते, तिथे आईच्या रक्ताच्या शेजारून वाहते, प्राणवायू व अन्न घेते आणि नाळेतल्या शिरेने परत जाते. आई आणि बाळ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही.

एका वारेवर दोन नाळा असल्या की दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या वारेच्या पृष्ठभागावर पसरतात आणि जवळपास प्रत्येक वेळी कुठेतरी एकमेकींना मिळतात. जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक शाट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जोडण्यांचा अभ्यास केला आणि दोन बाळांच्या दोन अभिसरणांखेरीज हे ‘तिसरे अभिसरण’ आहे, असे म्हटले.

या जोडण्या सारख्या नसतात. काही ठिकाणी धमनी धमनीला मिळते. अशा रस्त्यातून रक्त दोन्ही दिशांना जाऊ शकते. ज्या बाजूला दाब जास्त, तिकडून दुसरीकडे. काही ठिकाणी मात्र एका बाळाची धमनी वारेच्या एखाद्या भागात रक्त आणते आणि त्याच भागातून ते रक्त दुसऱ्या बाळाची शीर घेऊन जाते. हा रस्ता एकेरी आहे. दोन्ही बाजूंचे एकेरी रस्ते तुल्यबळ असले, तर हिशेब जमतो. एका बाजूचे जास्त असले आणि परत येण्याचा रस्ता नसला, तर एका बाळाचे रक्त थेंबाथेंबाने दुसऱ्याकडे जात राहते.

हे वर्गात सहज दाखवता येते. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्यांत सारखे पाणी घ्यावे. रॉकेल काढायच्या हातपंपाने एकीतले पाणी हळूहळू दुसरीत ढकलावे. एक रिकामी होते, दुसरी भरून वाहते. हा झाला एकेरी रस्ता. आता दोन्ही बाटल्यांना तळाशी भोके पाडून साध्या नळीने त्या जोडाव्यात आणि पुन्हा पंप चालवावा. पंपाने गेलेले पाणी नळीतून परत येत राहते आणि पातळीत फारसा फरक पडत नाही. धमनी-धमनी जोडणी बाळांना संरक्षण का देते, हे विद्यार्थ्यांना यावरून उमजते.

देणारा आणि घेणारा

एका वारेवरच्या दर शंभर जोड्यांपैकी दहा ते पंधरा जोड्यांत हा तोल बिघडतो. वैद्यकात याला ‘ट्विन टू ट्विन ट्रान्सफ्युजन सिंड्रोम’ म्हणतात. बहुधा तो सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात दिसू लागतो.

पुढचे सगळे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : चौथ्या महिन्यानंतर गर्भाभोवतीचे पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचेच असते. देणाऱ्या बाळाच्या शरीरात रक्त कमी पडले की त्याची मूत्रपिंडे पाणी राखून धरतात. लघवी कमी होते, त्याच्या पिशवीतले पाणी आटते आणि पिशवीचा पडदा त्याच्या अंगाला चिकटून बसतो. घेणाऱ्या बाळाचे हृदय जादा रक्ताने ताणले जाते. ताणलेले हृदय मूत्रपिंडांना पाणी टाकण्याचा निरोप देणारे संप्रेरक स्रवते. ते बाळ भरमसाट लघवी करते आणि त्याची पिशवी फुगत जाते. अखेर त्याचे हृदय थकते आणि अंगावर सूज येते. फुगलेल्या पिशवीमुळे आईचे पोट काही दिवसांत वाढते, कळा लागू शकतात, मूल फार लवकर जन्मू शकते.

उपचार न झाल्यास गंभीर अवस्थेतील बहुतेक जोड्यांतील दोन्ही बाळे दगावतात. त्यात आणखी एक धोका आहे. एक बाळ दगावले तर त्याच्या शरीरातला दाब शून्यावर येतो आणि वाचलेल्या बाळाचे रक्त त्याच जोडण्यांमधून तिकडे वाहते. त्यामुळे दुसरेही दगावू शकते किंवा त्याच्या मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून ‘एक गेले तरी एक वाचेल’ असे येथे धरून चालत नाही.

यात आईचा काहीही दोष नसतो. तिने काय खाल्ले, किती काम केले, ग्रहणात काय केले, याचा या जोडण्यांशी संबंध नाही.

हद्दीवरचा बांध

पूर्वी सुईने जादा पाणी काढून टाकणे एवढाच उपाय होता. त्याने आईला आराम पडे, कळा लांबत. पण रस्ते तसेच राहत आणि पाणी पुन्हा भरे. रस्तेच बंद करावेत, हा विचार अमेरिकेतील ज्युलियन डी लिया यांनी प्रत्यक्षात आणला आणि १९९० साली पहिल्या तीन रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला.

ही शस्त्रक्रिया अशी : आईच्या पोटाला दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र पाडून फीटोस्कोप नावाची बारीक दुर्बीण फुगलेल्या पिशवीत घालतात. भूल बहुधा तेवढ्याच भागापुरती दिलेली असते. वारेच्या पृष्ठभागावर एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या वाहिन्या शोधतात आणि दुर्बिणीतून नेलेल्या तंतूवाटे लेसरचा किरण टाकून एकेक बंद करतात. नंतर जादा पाणी काढून घेतात. एका वारेची जणू दोन वेगळी शेते होतात.

उपाय खरोखर चांगला आहे का, हे युरोपात १४२ मातांवर केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तपासले गेले. निदान एक तरी बाळ जन्मानंतर २८ दिवस जगण्याचे प्रमाण लेसरच्या गटात ७६ टक्के, तर पाणी काढण्याच्या गटात ५६ टक्के भरले. बारीक वाहिन्या नजरेतून सुटत, म्हणून पुढे बंद केलेल्या ठिपक्यांना जोडणारी सलग रेघ लेसरने ओढण्याची पद्धत आली. शेतांमध्ये बांध घालावा तशी. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या २७४ मातांच्या चाचणीत या पद्धतीने आजार उलटण्याचे प्रमाण ७ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आले.

तरीही हा उपाय निर्धोक नाही. छिद्रामुळे पाण्याची पिशवी लवकर फुटू शकते, बाळंतपण बहुधा मुदतीआधी होते, आणि काही मुलांच्या मेंदूला झालेली इजा मागाहून कळते. शिवाय लेसर रस्ते तोडू शकतो; वारेची वाटणीच विषम असेल तर ती समान करू शकत नाही. गाईचा प्रश्न सुटतो, घोडीचा उरतो. सौम्य अवस्थेत शस्त्रक्रिया न करता बारकाईने लक्ष ठेवणेही योग्य ठरते. हा निर्णय तज्ज्ञांनी आईवडिलांना सगळे समजावून घ्यायचा असतो.

वेळेचा हिशेब

भारतात मुंबई, पुणे, हैदराबाद, चेन्नई, दिल्ली अशा शहरांतील गर्भवैद्यक केंद्रांत ही शस्त्रक्रिया होते. सारंगखेड्याच्या बाईला तिथवर जायचे तर आधी शहादा किंवा नंदुरबार, मग पुढचा प्रवास. तो करता येतो. पण आजार वेळेत ओळखला तरच. आणि ओळखण्याची पहिली पायरी फार आधी येते.

अकराव्या ते चौदाव्या आठवड्यातल्या सोनोग्राफीत वार एक की दोन हे सर्वांत स्पष्ट कळते. वार दोन असतील, तर दोन पिशव्यांमधल्या पडद्याच्या बुडाशी वारेचा भाग पाचरीसारखा वर चढलेला दिसतो. वार एक असेल, तर पातळ पडदा तिला काटकोनात मिळतो, इंग्रजी टी अक्षरासारखा. पुढे ही पाचर पुसट होते, दोन वार एकमेकींना चिकटून एकच भासतात आणि उत्तर अवघड होऊन बसते. या प्रश्नासाठी बाळांचे लिंग विचारण्याची गरज नाही. ते सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदीच आहे.

वार एक असल्यास सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी करावी लागते. दोन्ही बाजूंच्या पाण्याची खोली, देणाऱ्या बाळाच्या मूत्राशयात लघवी दिसते की नाही, रक्तप्रवाह कसा आहे, हे पाहतात. एका बाजूला पाणी दोन सेंटिमीटरपेक्षा कमी आणि दुसऱ्या बाजूला आठपेक्षा जास्त झाले की आजार सुरू झाला. सोळा ते सव्वीस आठवड्यांत अशा सहा फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते आणि गाडीभाडे पडते. आपल्या भागातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. फेऱ्यांच्या दिवसांत ती बाई गावात असेलच असे नाही. म्हणून वारेची नोंद तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर ठळक असली पाहिजे आणि ते कार्ड तिच्याबरोबर गेले पाहिजे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. हा प्रश्न विचारण्याची ती एक ठरलेली जागा आहे.

जुळे म्हटले की पोट मोठे असायचेच, अशी सगळ्यांचीच समजूत असते आणि तीच घात करते. आठवड्याभरात पोट एकदम वाढले, ताणले, झोपल्यावर श्वास लागू लागला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

शिक्षकाला गावातली बातमी लवकर कळते. कुणाची बहीण, कुणाची वहिनी, कुणाची आई. ‘जुळी आहेत’ असे कानावर आले की आपण अभिनंदन करतो. आमची विनंती एवढीच, की अभिनंदनानंतर आणखी एक प्रश्न विचारावा : वार एक की दोन, हे कार्डावर लिहून घेतले का? चौदाव्या आठवड्याच्या आत या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर पुढचे बहुतेक दरवाजे उघडे राहतात.