कन्व्हर्टर बदलण्याआधी रोग ओळखा



भाजी-दूध बाजारात न्यायला आता पुष्कळांच्या दारी जुनी पेट्रोलची मोटार किंवा व्हॅन असते. ती चढाला दम टाकू लागली की मेस्त्री सांगतो, "कन्व्हर्टर गेला, नवा टाका." हजारो रुपये जातात आणि कधी कधी काही महिन्यांत पुन्हा तेच रडगाणे सुरू होते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, असे होऊ नये म्हणून ही माहिती. ती पेट्रोलच्या गाड्यांपुरती आहे. डिझेल जीप व ट्रॅक्टर यांची रचना निराळी असते.

कन्व्हर्टर काय करतो?

इंजिनाच्या धुराच्या नळीवर, सायलेन्सरच्या आधी, एक फुगीर डबा असतो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असून तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या मोलाच्या धातूंचा पातळ लेप असतो. तापलेल्या जाळीतून जाताना विषारी धूर बराचसा निरुपद्रवी होतो. एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा सक्तीचा झाला. शिशाने लेप निकामी होतो. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आल्यावर ती अडचण मिटली.

दुखणे कसे ओळखावे?

१) आधी हवेचा व पेट्रोलचा फिल्टर पाहा. ते तुंबले तरी गाडी ओढत नाही, आणि ते बदलायला खर्च थोडा.

२) गाडी पूर्ण थंड असताना डब्यावर मुठीने हलके ठोका. डब्यात खडे असल्यासारखा खुळखुळाट झाला तर आतली जाळी फुटली असे समजा.

३) डबा तुंबल्याचा संशय असल्यास मेस्त्रीकडून दाब मोजून घ्या. डब्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे घड्याळ (गेज) लावतात. गाडी नुसती चालू असताना दाब साधारण दीड पौंडाच्या आत हवा, आणि २५०० फेऱ्यांना ३ पौंडांच्या आत. जास्त भरला तर डब्यापुढचा सांधा सैल करून पुन्हा मोजायला सांगा. दाब उतरला तर दोष सायलेन्सरचा, डब्याचा नव्हे.

४) स्कॅनरवर 'पी ०४२०' हा आकडा आला म्हणजे डबा गेलाच, असे नाही. नळीचा सांधा फुंकत असेल किंवा सेन्सर बिघडला असेल तरीही तोच आकडा येतो. आधी ते तपासून घ्या.

डबा मेला कशाने?

हा खरा प्रश्न. डबा सहसा आपणहून मरत नाही. प्लग किंवा कॉइल खराब होऊन इंजिन मिसिंग मारू लागले की न जळलेले पेट्रोल डब्यात जाऊन पेटते आणि जाळी वितळते. इंजिन ऑइल खात असेल, म्हणजे निळा धूर टाकत असेल, तर लेपावर राख बसते. भेसळीचे पेट्रोलही घातक. ही कारणे आधी दूर करा, नाहीतर नवा डबाही त्याच वाटेने जाईल.

बॅटरी उतरली म्हणून वारंवार धक्का मारून गाडी चालू करू नका. दुसऱ्या बॅटरीला वायरी जोडून चालू करा. चालत्या इंजिनाच्या प्लगची वायर काढून पाहायची मेस्त्र्यांची जुनी सवयही डब्याला मारक आहे.

बदलताना पैसे कसे वाचवावेत?

नुसता गॅस्केट फुंकत असेल किंवा नळी गंजली असेल तर तेवढेच काम करा. डबा बदलू नका. बदलणे भागच असेल तर कंपनीच्या भागाची किंमत विचारा आणि दुसऱ्या चांगल्या उत्पादकाच्या भागाशी ताडून पाहा. आपल्या इंजिनाला व त्याच्या 'भारत स्टेज'ला जुळणाराच डबा घ्या, पक्के बिल आणि हमी घ्या. भंगारातला जुना डबा आत किती शिल्लक आहे हे कळत नसल्याने महाग पडतो. आपला जुना डबा मात्र पत्र्याच्या भावाने देऊ नका. आतल्या धातूंना मोल आहे. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा.

"आतली जाळी काढून टाकू, फुकटात काम होईल," असे कोणी म्हणेल. तसे करू नका. पीयूसी तपासणीत गाडी अडकेल आणि विषारी धूर आपल्याच मुलाबाळांच्या नाकात जाईल.

शेवटची ताकीद

हा डबा चालताना शेकडो अंश तापतो. मिसिंग मारणाऱ्या गाडीचा तर लाल होतो. म्हणून खळ्यात, कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका. गाडीखाली अडकलेले गवत, पाचट रोज काढा. डब्याचा खर्च पुढच्या हंगामात भरून निघेल. जळालेली वैरण ऐन उन्हाळ्यात कुठून आणणार?