लोकगीतातले ‘लोक’ कोण? : १९६८ सालाकडे मागे वळून पाहताना

मागच्या व्याख्यानात आपण ‘सहृदय’ या संकल्पनेपाशी थांबलो होतो. अभिनवगुप्तांचं म्हणणं थोडक्यात असं, की काव्याच्या सततच्या अभ्यासानं ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे, तो सहृदय. रसाचा प्रत्यय त्याला येतो. यावर साहजिकच एक प्रश्न येतो. काव्य-नाटकाचं ठीक आहे, पण लोकसंगीताचं काय? तिथला श्रोता काही अभ्यास करून आलेला नसतो. मग तो नुसता समोर बसलेला असतो, की गाण्यात त्याचाही काही वाटा असतो?

याचं उत्तर शोधायला मी आज मुद्दाम दूरचं उदाहरण घेतो. आपल्या भजनाबद्दल, लावणीबद्दल बोलायला लागलो की जिव्हाळा आड येतो, आणि विचार बाजूला राहतो. म्हणून अमेरिकेतलं एकच वर्ष घेऊ, १९६८. तिथे ‘फोक’ म्हणजे परंपरेनं चालत आलेली किंवा त्या वळणाची गाणी. कष्टकऱ्यांची, चळवळींची, बहुधा एका गिटारवर म्हटलेली. ‘कंट्री’ म्हणजे मुख्यतः दक्षिणेकडच्या गोऱ्या शेतकरी-कामगारांचं संगीत. फिडल, बँजो, गिटार ही त्याची वाद्यं. दोन्ही चुलत भावंडंच. त्या एका वर्षात ही गाणी चार अगदी वेगळ्या श्रोत्यांपुढे गेली.

पहिला कार्यक्रम १३ जानेवारीचा. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगाच्या भोजनगृहात जॉनी कॅश गायला. ‘फॉल्सम प्रिझन ब्लूज’ हे त्याचं गाणं तेव्हा तेरा वर्षं जुनं होतं. आता बघा, कॅश एखाद-दुसरी रात्र कोठडीत राहिला असेल, पण शिक्षा भोगलेला कैदी तो कधीच नव्हता. गाण्याची कल्पना त्याला लष्करी नोकरीत असताना पाहिलेल्या एका चित्रपटावरून सुचली. चाल आणि बरेचसे शब्द गॉर्डन जेंकिन्सच्या एका गाण्यावरून घेतलेले, आणि त्याबद्दल पुढे भरपाईही द्यावी लागली. म्हणजे उगमाच्या कसोटीवर हे गाणं कैद्यांचं नाही. ते पुरतं कॅशचंही नाही. तरीसुद्धा त्या भोजनगृहात ते कैद्यांचं झालं, असं आपण म्हणतो. कशाच्या आधारावर?

नेहमीचं उत्तर असं, की ध्वनिमुद्रिका ऐका, कैद्यांनी काय दाद दिली आहे! एका ओळीत गाण्यातला माणूस सांगतो, की मी एकाला मारलं, ते केवळ तो मरताना पाहायला. त्यावर एक आनंदाची आरोळी ऐकू येते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. गंमत अशी, की ती आरोळी त्या क्षणाची नाहीच. ती नंतर स्टुडिओत जोडली, हे मूळ टेप तपासल्यावर उघड झालं. प्रत्यक्षात कैदी जपूनच प्रतिसाद देत होते. पहारेकरी डोळ्यांसमोर होते. गायकानं स्वतःचं नाव सांगेपर्यंत गप्प राहायचं, अशी सूचनाही निवेदकानं आधीच दिलेली होती.

हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्या श्रोत्याला कैदी कसा हवा होता? खुनाच्या उल्लेखावर खूश होणारा. तो तसा मिळाला नाही, म्हणून तयार केला. आपण ज्याला ‘लाइव्ह’ म्हणतो, त्यात गायकाचा आवाज खरा होता. बनवलेला होता तो श्रोता. लोकसंगीतातली सगळ्यात मोठी फसवणूक चालीची चोरी ही नव्हे, असं माझं मत आहे. लोकांच्या तोंडी त्यांची नसलेली दाद घालणं, ही त्याहून मोठी.

पण त्याच दिवशी एक अस्सल गोष्टही घडली. ग्लेन शर्ली नावाच्या तिथल्या कैद्यानं तुरुंगातल्या प्रार्थनामंदिरावर गाणं रचलं होतं. आदल्या रात्री ते कॅशच्या हाती आलं, त्यानं ते बसवलं, आणि पुढच्या रांगेत बसलेल्या शर्लीसमोर म्हटलं. इथे श्रोता हाच गाण्याचा कर्ता होता. शर्ली १९७१ मध्ये सुटला, कॅशच्या ताफ्यात आला. पण बाहेरचं जगणं त्याला पेललं नाही. १९७८ मध्ये त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. गाणं माणसाला भिंतीबाहेर आणायला मदत करू शकतं, पुढचं सगळं त्याच्यावर टाकता येत नाही, हेही लक्षात ठेवू.

आठवडाभरानं, २० जानेवारीला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये वुडी गथ्रीच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाले. गथ्री आदल्या ऑक्टोबरात गेले होते. पीट सीगर, ओडेटा, गथ्रींचा मुलगा आर्लो अशी मंडळी होती, आणि १९६६च्या अपघातानंतर प्रथमच बॉब डिलन रंगमंचावर आला. १९६५च्या न्यूपोर्ट महोत्सवात विजेची गिटार घेतल्याबद्दल याच डिलनची काही श्रोत्यांनी हुर्यो उडवली होती. इथे तो पूर्ण वाद्यवृंद घेऊन, रॉकच्या ठेक्यात गथ्रींची गाणी गायला, आणि लोकांनी ती मनापासून स्वीकारली. वाद्यांचा आक्षेप मग गेला कुठे? श्रोते एका दुःखात एकत्र आले होते. गाणं शुद्ध आहे का, यापेक्षा ते गेलेल्या माणसाशी इमान राखतं का, हे त्यांना महत्त्वाचं होतं.

याच्या अगदी उलट घडलं १५ मार्चला. नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओवरून थेट प्रसारित होणारा कार्यक्रम चाले, १९२५ पासूनची परंपरा. कंट्री संगीताची ती पंढरीच म्हणा ना. तिथे ‘द बर्ड्स’ हा कॅलिफोर्नियाचा रॉक वाद्यवृंद कंट्री गायला उभा राहिला. श्रोत्यांतून चिवचिवाट करून खिल्ली उडवली गेली, केस कापण्याचे सल्ले आले. त्यात ग्रॅम पार्सन्सनं जाहीर झालेलं गाणं सोडून स्वतःचंच ‘हिकरी विंड’ आजीला अर्पण करून म्हटलं, आणि आयोजक संतापले.

श्रोत्यांचा राग अगदीच अनाठायी नव्हता. आपल्या आई-बापांचं गाणं शहरी पोरं हौसेनं अंगावर चढवतात, असं वाटलं की माणूस दुखावतोच. पण पार्सन्स जॉर्जिया-फ्लोरिडात वाढलेला, म्हणजे दक्षिणेचाच. शिवाय ‘आमचं’ ही रेघ कुठून ओढायची? बँजो हे आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या परंपरेतलं वाद्य. याच ऑप्रीचा सुरुवातीच्या काळातला लोकप्रिय कलावंत डीफोर्ड बेली हा कृष्णवर्णीय हार्मोनिकावादक होता, आणि १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं गेलं. दारावर राखणदार बसला, की आत आधीपासून कोण होतं याचा विसर पडतो.

चौथे श्रोते वॉशिंग्टनमधले. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यांनी आखलेली गरिबांची मोहीम सहकाऱ्यांनी पुढे नेली. मे-जूनमध्ये राजधानीत लाकडी फळ्यांच्या झोपड्यांची वस्ती उभी राहिली, ‘रेझरेक्शन सिटी’. पावसानं सगळीकडे चिखल. तिथे सीगर आले, फ्रेडरिक डग्लस कर्कपॅट्रिक आणि जिमी कॉलियर गायले. जगण्याचा हक्क सगळ्यांचा आहे, हा त्या दोघांच्या गाण्याचा आशय वस्तीची मागणीच होती. इथे गाणारा आणि ऐकणारा ही विभागणीच पातळ झाली. आपल्याकडे भजनात टाळ वाजवणारा श्रोता असतो की गायक? तसंच. २४ जूनला पोलिसांनी वस्ती हटवली.

आता चारही एकत्र पाहू. कैदी, शोकाकुल, राखणदार आणि आंदोलक. अभिनवगुप्तांचा सहृदय लौकिक हितसंबंध बाजूला ठेवून आस्वाद घेतो. लोकसंगीताचा श्रोता नेमका उलटा आहे. त्याचं काहीतरी गाण्यात गुंतलेलं असतं. म्हणून ‘लोक’ हा शब्द गाण्याच्या जन्मदाखल्यात शोधू नये. ज्यांना उत्तर देण्याचा हक्क आहे, स्वीकारण्याचा, गप्प राहण्याचा, नाकारण्याचाही, ते लोक. रायमनमधली हुर्यो मला पटत नाही. पण ती खरी होती, आणि फॉल्समची जोडलेली आरोळी खोटी होती. दोन्हींत निवडायचं झालं तर मी हुर्यो निवडेन.

यावर आक्षेप येईल, की मग ध्वनिमुद्रिका ऐकणारे आम्ही कोण? हे व्याख्यानही तुम्ही पडद्यावरच ऐकताय. आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्यानं एवढं पाळावं, की घरच्या माणसांच्या वतीनं बोलू नये. पुढच्या वेळी हाच प्रश्न घेऊन आपल्याकडे, तमाशाच्या कनातीत जाऊ. तोवर एक करा. एखादं ‘लाइव्ह’ लोकगीत ऐका आणि त्यातली दाद कुठून येते आहे, तिकडे कान द्या.